यमुताईंनी म्हटलेली आरती

गांधीबागेच्या मागच्या त्या गल्लीत महालक्ष्म्यांना साड्या नेसवाव्यात त्या यमुताईंनीच. लोखंडी सांगाड्यावर त्या निऱ्या अशा बसवत, की वर मुखवटा चढला की वाटावं, बाई आता पाऊल टाकते! सत्तरी उलटली तरी बोटं चपळ. आणि आवाज? अहाहा! यमुताई आरती म्हणू लागल्या की गल्लीच्या टोकावरचा पानवाला हातातलं पान खाली ठेवून उभा राही.

भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा तीन दिवस माहेरी येत, तेव्हा प्रत्येक घर यमुताईंना आतल्या खोलीपर्यंत उघडं असे. वामनरावांचंही.

वामनराव कापडाचे ठोक व्यापारी, हसरे, खाऊ घालणारे. गोपिका त्यांच्या वारलेल्या बहिणीची लेक, नरखेडकडच्या खेड्यातून आणलेली. वयानं विशीची, पण समज लहान लेकराची. घरचं सगळं काम तिच्या अंगावर, आणि काम चुकलं की कापड मोजायचा लोखंडी गजही तिच्याच अंगावर. गल्लीला हे ठाऊक होतं; भिंतीला भिंत लागून होती. ही माणसं वाईट होती असं मात्र म्हणू नका. कोणाकडे मयत झाली तर त्या घरी दहा दिवस डबे पोचवणारी, अनोळखी माणसाला रक्त द्यायला धावणारी ही माणसं. फक्त वामनरावांच्या घरातून आवाज आला की टीव्ही मोठा करायची.

त्या वर्षी देव्या बसायच्या दिवशी यमुताई निऱ्या घालत होत्या आणि गोपिका टाचण्या देत होती. हात पुढे करताना तिची बाही वर सरकली. दंडावर निळे पट्टे, एकावर एक.

"काय झालं वं हे?"

गोपिकेनं दाराकडे पाहिलं, मग अगदी हळू म्हणाली, "यमुबाई, मले तुमच्या घरी न्याल का जी? मी जास्त नाई खात."

यमुताईंच्या हातातली निरी सुटली. घरात त्या एकट्याच, एक खोली रिकामी पडलेली. नेता आलं असतं, तेव्हाच, हात धरून. पण देव्या घरात बसल्या की त्या घरी भांडणतंटा करायचा नाही, कोणाच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही, अशी गल्लीची रीत. यमुताई आयुष्यभर ती पाळत आलेल्या.

"महालक्ष्म्या उठू दे पोरी," त्या म्हणाल्या. "परवा नेतो तुले. पक्कं."

गोपिका हसली आणि पुढची टाचणी दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाला सगळी गल्ली वामनरावांकडे. करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील. यमुताईंनी शेजारच्या सिंधूताईंना कोपऱ्यात घेऊन पट्ट्यांचं सांगितलं.

"मले काय नवीन सांगता?" सिंधूताई पुटपुटल्या. "पण आज काहून काढता हे? उद्या देव्या उठल्या का आपण साऱ्याजणी मिळून बोलू. एकटीनं बोलान तर तो म्हणन, म्हातारी सटकली."

"साऱ्याजणी?"

"माह्या गळ्याची शप्पथ."

एवढ्यात नैवेद्याचं आंबिलाचं पातेलं आणताना गोपिकेचा पाय अडकला. आंबील देवीच्या पुढ्यात सांडलं, रांगोळीवरून वाहत गेलं. वामनराव हसले. "अरे, होते गा असं! बसा, बसा, मी येतोच." हसत हसतच त्यांनी तिचं मनगट धरलं, आत नेलं आणि दार लावून घेतलं.

मग आवाज आला. एक. पुन्हा एक. आणि गोपिकेचं ओरडणं, त्यात शब्द होते, "यमुबाई! यमुबाई!"

भरलेल्या खोलीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वामनरावांच्या पत्नीनं, जिजाबाईंनी, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं तबक उचललं. "यमुताई, आरती घ्या ना."

आणि यमुताईंनी आरती घेतली.

घेतली, आणि अशी घेतली की तसा आवाज त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता. टाळ्या वाजल्या, झांजा वाजल्या, बायांनी डोळे मिटून सूर धरला. एक आरती संपली की यमुताई दुसरी उचलत होत्या. आतलं ओरडणं थांबलं तरी त्या थांबल्या नाहीत. मग वामनराव बाहेर आले, हात धुतले आणि आग्रह करकरून वाढू लागले. "लाजू नका जी, पोटभर जेवा!" सगळे जेवले. यमुताईही जेवल्या.

तिसऱ्या दिवशी त्या देव्यांच्या साड्या सोडवायला गेल्या, तर घराला कुलूप आणि दारात पोलिसांची गाडी. गोपिकेला पहाटे घरच्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. जबडा मोडलेला, एका कानाचं ऐकणं गेलेलं. पोलिसांना कळवलं ते डॉक्टरनं. गल्लीतल्या कोणी नाही.

महिला हवालदार दारोदार विचारत फिरली. सगळीकडे एकच उत्तर: आरती सुरू होती मॅडम, काही ऐकू नाही आलं. सिंधूताईंनीही तेच सांगितलं आणि सांगताना यमुताईंकडे पाहिलं.

"आजी, तुम्हीही होता ना तिथे? ऐकलं काही?"

"ऐकलं," यमुताई म्हणाल्या. "माह्या नावानं ओरडून राहिली होती ती. म्हणून तर मी मोठ्यानं म्हटली आरती."

गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या. त्या दिवसापासून यमुताईंशी कोणी बोलेनासं झालं. वामनरावांना पकडून नेलं त्याचा ठपका त्यांच्यावर आला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

महिन्याभरानं त्या, गोपिकेला ठेवलं होतं त्या आश्रमात गेल्या, तिला घरी आणायचं ठरवून. तिथल्या बाईंनी आत जाऊन विचारलं आणि एकट्याच परत आल्या.

"ती नाही म्हणते, आजी. तुमचं नाव सांगितल्याबरोबर पलंगाखाली जाऊन बसली. दोन्ही कानांवर हात घट्ट."

यमुताई तिथल्या बाकावर बसल्या. बाईंनी पाणी आणून दिलं. पाण्याचा पेला हातात घेऊन त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "जेवते ना पोटभर?"