मामी मागे बसल्या होत्या

मामी गाडीवरून पडल्या त्या माझ्या चुकीमुळे. आणि पडल्यावर मी खोटे बोललो. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी, म्हणून आधीच सांगून टाकतो. नाहीतर मामींचे कौतुक करता करता मी ती गाळून टाकीन.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. काष्टीच्या पुढे त्यांचा मळा आहे. साठी ओलांडलेली ही बाई रोज सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जायची. नऊवारी लुगडे, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवरून पदर. वाटेत थोरले दीर दिसले की डाव्या हाताने तो पदर आणखी पुढे ओढायच्या, पण गाडी थांबवायच्या नाहीत.

मी श्रीरामपूरचा. निम्मे आयुष्य एसटी आणि रेल्वेत गेले. घरात स्कूटर होती, ती बायको चालवायची आणि मी मागे बसायचो. पंचेचाळिशी उलटल्यावर माझी बदली श्रीगोंद्याला झाली, आम्ही काष्टीत खोली घेतली आणि मोटारसायकलशिवाय गत्यंतर उरले नाही. मेहुणा दत्ता शिकवायला आला आणि दोन दिवसांत वैतागला. मग मामी पुढे झाल्या. आमच्याकडे सासू जावयाशी फारसे बोलत नाही. मामींनी पहिल्याच दिवशी ती अडचण काढून टाकली. म्हणाल्या, "गाडीवर बसलात की तुमी जावई न्हाई. खाली उतरलात की परत जावई."

माझी गाडी सुरू व्हायची, एक उडी मारायची आणि बंद पडायची. मामी म्हणायच्या, "क्लच म्हंजे खोंडाचं दावं हाय. एकदम सोडलं की उधळनार. जरा जरा सोडा, त्याला कळू द्या आपन निघालोय ते." मी हँडल इतके आवळायचो की रात्री खांदे ठणकायचे. "हांडल धरा की नुसतं. कुनाचा गळा धरल्यावानी काय करताय?" ओट्यावरून माझी बायको हसायची. "आई, मला जमलं नाही ते तू करून दाखव."

खळ्यात कडब्याची एकच गंजी होती आणि मी नेमका तिच्यातच घुसायचो. "एवढं रान मोकळं पडलंय, अन् तुमाला गंजीच कशी घावती?" मामी विचारायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या. "ज्याला भ्याल त्याच्याकडं बघत बसू नका. नजर जाईल तिकडं गाडी जाती. जायाचंय तिकडं बघा."

एकटे चालवणे जमू लागले, तसे मागे वजन घेऊन चालवण्याचे काम आले. मागे कोणी बसले की गाडी वळताना जड होते, थांबायला वेळ लागतो. दत्ता म्हणाला, पेंडीचे पोते बांधून सराव करा. मामी म्हणाल्या, "पोत्याला बोलता येतं का? मी बसते." आणि बाजाराच्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या.

परतताना कालव्याच्या वळणावर उसाच्या पाण्याने रस्ता चिखलाळला होता. समोरून दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. वाट पुरेशी होती. पण मी ट्रॉलीकडे बघितले, आणि बघतच राहिलो. कानाशी मामींचा आवाज आला, "फुडं बघा," आणि त्याच क्षणी मी घाबरून पुढचा ब्रेक मुठीने आवळला. मग चाक माझे राहिलेच नाही.

ट्रॅक्टरवाला उडी मारून धावला. मागून आणखी दोघे-तिघे आले. "काय झालं हो?"

"त्या मागे एकदम हलल्या," मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नाही. वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि मगच मी ते ऐकले. मामी चिखलात बसल्या होत्या, उजवे मनगट डाव्या हातात धरून. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितले. मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या, "व्हय. पिशवी सावराया गेले."

मी गाडीवरून उतरलो होतो. मी परत जावई झालो होतो, आणि चार माणसांत जावयाची मान खाली जाऊ द्यायची नाही म्हणून त्या बाईने मोडक्या हाताने माझे खोटे खरे करून दिले.

घरी मला हळद घातलेले दूध मिळाले. "दाजी, तुमाला कुठं लागलं न्हाई ना?" दत्ताने तीनदा विचारले. आईला मात्र म्हणाला, "मागं धड बसवंना तुला, अन् म्हनं दूध घालाया जाती. बास झालं आता." मामींच्या गाडीची किल्ली त्याच्या खिशात गेली. प्लास्टर निघाले तरी किल्ली निघाली नाही. डेअरीत सगळ्यांनी म्हातारीचा तोल गेल्याचे मान्य करून टाकले. आणि पाटाच्या पाण्यावरून अख्ख्या भावकीशी भांडणारी ही बाई एक शब्द बोलली नाही. त्या गप्प राहिल्या आणि मी रोज गाडीवरून कामाला जात राहिलो. चांगली चालवत होतो, हेच मला सहन होत नव्हते.

एका रविवारी मी गोठ्यात डोकावलो. स्टँडवर लावलेल्या बंद गाडीवर मामी बसल्या होत्या. उजव्या हाताने ब्रेकचा दांडा हळूहळू दाबत होत्या, सोडत होत्या. कळ आली की थांबायच्या, मनगट चोळायच्या, पुन्हा दाबायच्या. मला बघून त्या घाईने उतरल्या आणि पदर ओढला. गाडीवर चढल्याबद्दल त्यांना माझ्यासमोर चोरट्यासारखे वाटावे, हे मला बघवले नाही.

"मामी, तुम्ही हलला नव्हता," मी म्हणालो.

"मला काय सांगताय? मी गाडीवरच हुते की."

त्या शेण भरायला वाकल्या. मला वाटले होते, कबूल केले की ओझे उतरेल. पण जिला सगळे ठाऊक होते तिलाच मी सांगत होतो, आणि ज्यांनी ते खोटे खरे मानले होते ते सगळे डेअरीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर गेलो. रांग लागलेली होती. मामी दत्ताच्या मागे बसून, कॅनची झाकणे सांभाळत आल्या होत्या. "दाजी, आज तुमीबी दूध आनलं का?" कोणीतरी म्हणाले, बाकीचे हसले.

"दत्ता, त्या दिवशी मामी हलल्या नव्हत्या," मी मोठ्याने म्हणालो. "वळणावर चिखलात मी पुढचा ब्रेक दाबला."

हसणे थांबले. दत्ता खाली मान घालून म्हणाला, "दाजी, घरी बोलू."

"घरी नको. इथेच सगळ्यांनी मामींचा तोल गेल्याचं मानलं. त्यांचा तोल गेला नव्हता, माझा गेला होता. किल्ली त्यांची आहे."

 दत्ताने खिशातून किल्ली काढली आणि आईसमोर कॅनच्या झाकणावर ठेवली. मामींनी ती लगेच उचलली नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी अजून मुद्द्याचे बोललोच नव्हतो.

"मामी, तुमचा हात मी मोडला, आणि दोष तुमच्यावर टाकला. मला माफ करा."