अण्णांचा हातगुण आणि आमचा कॉर्नर

ज्या गोलामुळं आमच्या मुली फायनलला पोचल्या, तो गोल करणारीचं तोंड गोलपोस्टकडं नव्हतंच. समोरच्या गोलकीपरनं जोरात मारलेला चेंडू हिच्या पाठीवर आदळला आणि उलटा जाऊन जाळीत शिरला. ही बिचारी पाठ चोळत खाली बसली होती. बाकीच्या पोरी ओरडत अंगावर येऊन पडल्या, तेव्हा तिला कळलं की आपण गोल केलाय.

हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. सीमाभागातल्या हुलसूरजवळच्या एका गावात मी शाळेत खेळ शिकवते. मुलींचा फुटबॉल संघ मीच उभा केला, आणि नेमकं त्या दिवशी मला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं. म्हणून संघाला घेऊन गेले ते शाळा समितीचे अध्यक्ष. गाव त्यांना अण्णा म्हणतं. बी-बियाणांचं दुकान, कपाळावर विभूती, मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायची सवय, आणि स्वभावानं लाख माणूस. त्यांना हातगुण आहे असं सगळे मानतात. पेरणीला पहिली मूठ त्यांच्याच हातून पडावी म्हणून लोक त्यांना गाडीवर बसवून शेतात नेतात. त्या दिवशी पोरींनी चेंडूला पहिला पायही त्यांनाच लावायला सांगितला. अण्णांनी चप्पल काढली, चेंडूला नमस्कार केला आणि हळूच पाय लावला. पुढं तो पाठीवरचा गोल झाला.

संध्याकाळी मी परतले तर चौकात एकच विषय. ‘अण्णाचा हात लागला की उगवतंच बघा.’ पाय लागला होता, पण ते असो. मला झोंबलं ते त्याच्या पुढचं. अण्णांमुळं जिंकलो, तर याआधी दोन फायनल हरलो त्या कुणामुळं? मॅडममुळं. मॅडमचा पायगुण. हा शब्द मी सून म्हणून गावात आले तेव्हाही ऐकला होता, कारण त्या उन्हाळ्यात सासऱ्यांची बोअर आटली. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच शकुन-अपशकुन घराबाहेर काढले होते. मी ते शिकूनच मोठी झाले, आणि इथं माझ्या पायांवरून गाव निकाल लावत होतं.

त्या दोन फायनल मला पाठ आहेत. पहिलीत चेंडू काळ्या मातीतल्या ढेकळावर आपटून आमच्या गोलकीपरच्या डोक्यावरून गेला. दुसरीत शेवटच्या क्षणी आमचा फटका खांबाला लागून बाहेर आला. फुटबॉलचा मला याचाच राग येतो. क्रिकेटमध्ये पुढच्या चेंडूवर भरपाई करता येते. इथं पूर्ण वेळ तुम्ही वरचढ खेळा, एक ढेकूळ सगळ्याचं वाटोळं करतं. शिकवणाऱ्याच्या हातात काय असतं? संधी जास्त याव्यात, एवढंच. चेंडू आत जाईल की खांबाला लागेल, हे कुणाच्या बापाच्या हातात नाही. तरी त्या संध्याकाळपासून मी आणखी इरेला पेटले. कॉर्नरचा एकच डाव रोज घोटून घेतला. एकीनं जवळच्या खांबाकडं धावायचं, सगळ्यांना ओढून न्यायचं, आणि दुसरीनं मागून मोकळ्या जागेत यायचं.

फायनल हुमनाबादला होती. आदल्या दिवशी कॅप्टन माझ्याकडं आली. मान खाली.

‘‘मॅडम, उद्या अण्णा येयलेत.’’

‘‘येऊ देत की.’’

‘‘तुमी नका येऊ.’’

‘‘कामून?’’

‘‘पोरी घाबरायल्यात.’’

मी तिला बसवून समजावलं. पाठीवर आदळून झालेला गोल हा निव्वळ योगायोग, त्यात ना अण्णांचा हात, ना माझा पाय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘जिंकलं की तुमी म्हंता सराव केला म्हणून. हरलं की म्हंता ढेकूळ आडवं आलं. मग आमी त्या ढेकळाचाच बंदोबस्त बघायलाव की, मॅडम.’’

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तशीच अण्णांच्या दुकानात गेले. ते म्हणाले, ‘‘अक्का, मला फुटबॉलातलं ओ का ठो कळत न्हाई. पन लेकरांचं मन मोडू नगा.’’

मी मन मोडलं नाही. टेम्पोतून हुमनाबादपर्यंत गेले आणि हायवेच्या अलीकडं एका धाब्यावर उतरले. समोरून लॉऱ्या जात होत्या. पलीकडच्या मैदानावरचा ओरडा मधूनच ऐकू यायचा, पण कुणाचा ते कळत नव्हतं. बुटाची नाडी बांधण्यापासून मी शिकवलेल्या पोरी तिकडं खेळत होत्या, आणि रेषेजवळच्या माझ्या जागेवर बियाणांचा दुकानदार उभा होता. चहा गार झाला. रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

जिंकल्या. कॅप्टन कप घेऊन धावतच धाब्यावर आली. ‘‘कॉर्नरवरनं, मॅडम! तुमी शिकवलेला, तसाच!’’ मला वाटलं, चला, शेवटी कळलं. तिनं मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, ‘‘लई उपकार झाले. तुमी आला न्हाई म्हणून जिंकलाव.’’ ती मनापासून बोलत होती. तिला दूर लोटावं की जवळ धरावं, मला समजेना. मी तिला तशीच धरून राहिले.

पुढचे, विभागाचे सामने कलबुर्गीला होते. या खेपेला अण्णांनीच सांगितलं, ‘‘दुकानात गर्दी हाय, तुमीच जावा.’’ पोरींनी एकमेकींकडं बघितलं, बस्स. मैदानाच्या फाटकाशी आम्ही उतरलो. त्या आत शिरायला लागल्या आणि माझा पाय थबकला. योगायोग, संधी, ढेकूळ, कुणाच्या बापाच्या हातात काय नसतं, सगळं मला माहीत होतं. तरी मनात आलं, या हरल्या तर?

‘‘तुम्ही व्हा पुढं,’’ मी म्हणाले, ‘‘मी पाणी घेऊन येते.’’

शेवटची शिटी वाजेपर्यंत मी भिंतीच्या बाहेर, रस्त्याकडं तोंड करून उभी होते. या वेळी मला कुणीही अडवलं नव्हतं.