गाण्यागाण्यात देव शोधणारी इर्या

आमच्या लेह्तिनेवा गावच्या चर्चमध्ये अंत्यविधीला भजनाच्या पुस्तकाबाहेरचं गाणं वाजवायचं असेल, तर आधी इर्या हाउताकोस्कीला गाठावं लागतं. नियम जुन्या पाद्रीबाबांचा. गाण्यात थोडा तरी धर्म असला पाहिजे आणि तो कुठे आहे, हे ऑर्गन वाजवणाऱ्या बाईने, म्हणजे इर्याने, चिठ्ठीवर एका वाक्यात लिहून द्यायचं. या अटीमुळे रॉकवाले आपोआप बाहेर राहतील, असा बाबांचा हिशेब होता. इर्याचा स्वभाव त्यांनी लक्षातच घेतला नाही.

इर्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. दारात बाई उभी, डोळे सुजलेले, हातात वेलदोड्याच्या गोड पावांची पिशवी, आणि गेलेल्या नवऱ्याचं आवडतं गाणं म्हणजे एका लाल ट्रकचं अखंड गुणगान. इर्याने लिहिलं : 'मानवाचा अनंताकडे प्रवास.' बिअरवरच्या गाण्यात तिला आत्म्याची तहान दिसली. घटस्फोटावर घसा फोडून ओरडणाऱ्या गाण्यात तिने पहिल्या जोडप्याची एदेन बागेतून झालेली हकालपट्टी शोधून काढली. बावीस वर्षांत तिच्या हातून एकही गाणं नास्तिक सुटलं नाही. बटाट्याच्या सुपाच्या कृतीतूनही इर्या देव काढून दाखवेल, असं गावात म्हणत, आणि ती ते कौतुक समजून घेई.

हसायचा तो एकटा तिचा धाकटा भाऊ, एन्सिओ. 'ओलं सरपण' नावाच्या बँडचा तो गायक. त्यांचं एकच गाणं गाजलं, पण निघालं त्या वर्षी ते देशभर वाजत होतं : 'वर कोणी नाही'. एक मुलगा आजारी आईसाठी रोज देवाची विनवणी करतो, आई जाते, मग तो अंगणात उभा राहून आभाळाकडे पाहत बारा वेळा ओरडतो, वर कोणी नाही! गाण्यातला मुलगा कोण ते इर्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि एन्सिओ नऊ. वडील दोघांना म्हणाले होते, देवाची इच्छा. इर्याने ते मान्य केलं, एन्सिओने केलं नाही.

यंदा उन्हाळ्यात एन्सिओच्या फुप्फुसात गाठ निघाली. सप्टेंबरात तो दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला, "ताई, माझ्या वेळी आमचंच गाणं लाव. चर्चमध्ये."

"तीस वर्षांत चर्चची पायरी चढला नाहीस, आणि आता चर्चच हवं होय रे तुला?"

"आई तिथेच आहे ना आवारात. शिवाय बाहेरच्या गारठ्यात आमच्या पोरांची बोटं चालत नाहीत." त्याची पोरं म्हणजे बँडमधले उरलेले दोघे, वय वर्षे साठ.

"बरं बाबा, लावते."

"आणि ऐक. त्या गाण्याचा बाप्तिस्मा करायचा नाही. तुझी ती चिठ्ठी माहीत आहे मला. शपथ घे."

"अरे, मग आताच्या पाद्रीणबाई परवानगी कशी देतील?"

"ते तुझं तू बघ. सगळ्या गावासाठी खोटं लिहिलंस, आता माझ्यासाठी एकदा खरं लिही."

खोटं! इर्याला ते फार झोंबलं. पण समोर माणूस श्वासासाठी धडपडत होता. तिने शपथ घेतली.

ऑक्टोबरात एन्सिओ गेला. चिठ्ठी घेऊन बसल्यावर इर्याच्या हाताने सवयीने लिहिलं, 'देवा, मला का सोडलंस, या क्रुसावरच्या हाकेचा प्रतिध्वनी.' तिने ती फाडली. एकामागोमाग चार फाडल्या. खोटं लिहावं तर शपथ मोडते, खरं लिहावं तर गाणं दाराबाहेर राहतं आणि भावाला त्याच्या नावडत्या भजनांत पुरावं लागतं. शेवटी तिने लिहिलं : 'या गाण्यात देव नाही. नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याची आई नुकतीच गेली आहे.'

नव्या पाद्रीणबाई हेन्रीका पाल्मरोथ हेलसिंकीत शिकून आलेल्या, वयाने इर्याच्या मुलीसारख्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. नकार आला तर नोकरी सोडायची, हे इर्या घरून ठरवूनच आली होती.

"किती सुंदर, इर्याताई!" बाई म्हणाल्या. "नक्की लावू या."

इतकं सोपं? इर्या घरी गेली आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

अंत्यविधीच्या दिवशी ती वर ऑर्गनपाशी बसली होती. एन्सिओची दोन पोरं गिटार घेऊन शेजारी. खाली पाद्रीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. "इर्याताईंनी मला लिहून दिलं, या गाण्यात देव नाही. पण मित्रांनो, देव नाही असं बारा बारा वेळा कोण ओरडतं? जो त्याला शोधत असतो तोच! हे गाणं नाहीच, ही प्रार्थना आहे."

खाली रुमाल निघाले. हे कसब इर्याचंच होतं, आणि तिच्यापेक्षा सफाईदार. तिला लाल ट्रकचं गाणं मागायला आलेली ती बाई आठवली. चिठ्ठी वाचून ती नुसती मान हलवून निघून गेली होती. आपलं माणूस उचलून कुणी दुसऱ्याच्याच नावावर चढवलं की कसं वाटतं, ते इर्याला आज कळलं. तिला संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"तर आता आपण एन्सिओची प्रार्थना ऐकू या."

"प्रार्थना नाही!"

लेह्तिनेवाच्या चर्चमध्ये मध्येच कुणी बोलत नाही. छताला आग लागली होती तेव्हासुद्धा लोक ओळीने, मुकाट्याने बाहेर पडले होते. सगळ्या माना वर वळल्या. इर्या कठड्याला धरून उभी होती.

"तो रागावला होता! आई गेली आणि तो रागावला होता. तसंच ऐका."

तिने पोरांना खूण केली आणि ऑर्गनवर दोन्ही हात टाकले. 'वर कोणी नाही' घुमलं, बाराच्या बारा वेळा, एकही न गाळता.

आईच्या शेजारी माती पडली आणि मंडळी सभागृहात कॉफीला बसली. सामन माशाचा थर दिलेला पावाचा केक कापला गेला. कुणीतरी बोलणार, निदान पाद्रीणबाई तरी झाडणार, म्हणून इर्या वाट पाहत होती. नव्वदीच्या लेम्पीआजी काठी टेकत आल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोरी, आज तुझ्यावर पवित्र आत्मा उतरला होता गं. मी या डोळ्यांनी पाहिलं."

सगळ्या टेबलाने माना डोलावल्या. "पुढच्या रविवारी मी यावरच बोलणार आहे," पाद्रीणबाई म्हणाल्या.

इर्याने बोलायला तोंड उघडलं आणि तिला हसूच फुटलं. बशीत कॉफी सांडली तरी थांबेना. हे आत्ताच्या आत्ता एन्सिओला सांगायला हवं, खोकला येईपर्यंत हसेल तो, असं मनाशी म्हणत ती कोट घ्यायला उठली. एक हात बाहीत गेल्यावर तिला आठवलं.