मागे न राहिलेली फाईल

माझा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घेई, की तोवर माझी अंघोळ होऊन जाई. शेवटी पिंप्राळ्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणत. जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं ते एसएसडी म्हणतात त्या नव्या, वेगवान डिस्कवर उतरवणार होते.

"बठ्ठं जसं शे तसं येई. एक फाईल मांगे ऱ्हाणार नही. दोन तासांनी या, भाऊ."

मी हललो नाही. लहानपणी आई मला चक्कीवर उभं करायची, आपलं दळण बदलू नये म्हणून. ती सवय होतीच; नानांना मी तेवढंच सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं.

लॅपटॉपमध्ये वडिलांचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला फोनवर रेकॉर्ड करायला लावलं होतं: केळीचं निम्मं वावर ताईला द्यायचं. ते मी लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. ते गेल्यावर ताईने, बाकीच्या बहिणी करतात तशी, हक्कसोडीवर सही केली. मी रेकॉर्डिंगचा शब्द काढला नाही. ते पुसवलंही नाही. अर्ध्या मनाने वाटायचं, कधीतरी डिस्क आपोआप बिघडेल आणि दोष माझ्यावर येणार नाही.

मी पावतीसाठी आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, तसे नाना थबकले. "तुमनी बहीण आमना गावमां दिधेल शे का? अमळनेरजवळ?"

ताई त्यांच्याच गावात दिलेली होती. मी होय म्हणालो आणि माझं डोकं फिरलं. याने मुद्दाम विचारलं. ताईनेच सांगून ठेवलं असेल. नव्या डिस्कची डबी केबलने लॅपटॉपला जोडून त्यांनी काम सुरू केलं. पडद्यावर टक्के सरकत होते. मग ते पाठ करून बसले आणि दोन्ही कानांत इअरफोन घातले. वायर टेबलाच्या कडेवरून खाली गेली होती. ते मान हलवत होते, मध्येच च्‌ च्‌ करत होते.

ऐकताहेत. वडिलांना ऐकताहेत.

मी उठलो आणि केबल उपटली.

पडद्यावर लाल खूण आली. नाना वळले. इअरफोनचं दुसरं टोक त्यांच्या खिशातल्या मोबाइलला होतं. त्यातून क्रिकेटचं समालोचन ऐकू येत होतं.

"अर्धं दळण काढी लिधं का, भाऊ? इतलं काय दपाडेल शे यामां?"

एवढं काय लपवलंय, हे ते हसतच विचारत होते. मला मात्र मान वर करवेना.

"घाबरू नका. जुनं जागेवर शे. नवंच अर्धं राहिलं. पहिल्यापासून करू."

त्यांनी पुन्हा सगळं जोडलं. काम संपलं, नवी डिस्क आत बसली, लॅपटॉप चुटकीसरशी सुरू झाला.

"एखादं गाणं लावा. आवाज येस का देखा."

माझ्याकडे गाणी होती. पण या माणसाला मी तासभर चोर ठरवलं होतं. चोर कोण होता, ते मला माहीत होतं. मी ती फाईल उघडली.

आधी खोकला आला. मग वडील बोलले. दीड मिनिट आम्ही दोघं ऐकत राहिलो. नानांनी ताईचं नाव ओळखलं असणार. ते वाटीतले स्क्रू उगीचच खालीवर करत होते.

मग त्यांनी विचारलं, "जुनी डिस्क पुसी टाकू का?"

"नको," मी म्हणालो. "ती अमळनेरला न्यायची आहे."

कुणाकडे, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.