वाफबाईला न विचारलेला प्रश्न

लाँड्रीत सगळे तिला वाफबाई म्हणत. बावीस वर्षं हॉटेलांच्या चादरींवर वाफेची इस्त्री फिरवून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. संध्याकाळी घरी आली की ओट्याशी उभ्या उभ्या दोन पेग घ्यायची, कधी तीन. नवरा बघून न बघितल्यासारखं करायचा.

खांद्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली होती, कुठंही मिळणारी साधी गोळी. त्या आठवड्यात ताप आला, म्हणून तिनं दुकानातून सर्दीतापाचीही गोळी आणली. दोन्हींत औषध एकच, हे तिच्या गावीही नव्हतं. अन्न जाईना, गोळ्या मात्र दिवसाला दहा-बारा जात होत्या. पाचव्या दिवशी उलट्या थांबेनात आणि डोळे पिवळे पडले.

हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर कागद भरताना नवऱ्याला म्हणाला, बाईंना काही व्यसन नाही ना? नवऱ्यानं खाली बघत मान हलवली, नाही म्हणून. डॉक्टरनं तसं लिहायलाही घेतलं.

"आजारी मी आहे, मला विचारा," ती खाटेवरून म्हणाली. "रोज घेते मी."

डॉक्टरचं पेन थांबलं. मग त्यानं तिलाच सांगितलं: या गोळीतून शरीरात थोडं विष तयार होतं, एरवी लिव्हर त्या विषाचा निचरा करतं. रोज दारू पिणाऱ्याच्या लिव्हरची ती ताकद आटलेली असते, उपाशीपोटी तर आणखीच. त्यात गोळ्या प्रमाणाबाहेर. तीन दिवस उताऱ्याचं औषध सलाइनमधून चाललं, तेव्हा कुठं ती वाचली.

नवऱ्याला तिनं एवढंच ऐकवलं, "तुझ्या अब्रूपायी आज मी गेले असते." तो रडला, पण तिला दया आली नाही.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. माझ्या दिराला पहिल्याच भेटीत दारू घेता का विचारलंत, मला नऊ वर्षांत एकदाही नाही, असं का, म्हणाली. ते चष्मा पुसत पुटपुटले, बायकांना असं कसं विचारायचं?

"पाळी कधी आली ते विचारता ना? तसंच."

ती फाइल उचलून निघाली. दारू सुटलीय, रोज जीव जातो तरी. खांदा अजून ठणकतो, आणि आता गोळी हातात घेतली की पाकिटावर बारीक अक्षरात छापलेली दारूबद्दलची सूचना वाचता वाचता तिचं डोकं पुन्हा तापतं.