बंदुकीच्या नळीतील कुंकू

भोजराज मेश्राम विहारातल्या सभेला उशिरा येतात, पण टीव्हीची आरती कधी चुकवत नाहीत, असे आमच्या गावात म्हणत. म्हणणारे सगळे त्यांच्याच वस्तीतले, बरेचसे नात्यातले. आरोप डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर आधारलेला होता, हे मान्य केले पाहिजे. रंग बिघडलेला टीव्ही दुरुस्तीला आला की भोजराजभाऊ काळ्या पट्टीने गुंडाळलेली तांब्याच्या तारेची एक मोठी कडी हातात घेत, तिची वायर बोर्डात खोचत आणि चालू पडद्यासमोर ती संथपणे गोल गोल फिरवत मागे सरकत. दारापाशी पोचले की बटण बंद करत. चुंबक जवळ आले की पडद्यावर जांभळे-हिरवे डाग पडतात आणि ही कडी ते चुंबकत्व काढून टाकते, हे त्यांनी अनेकांना समजावले होते. ऐकणारे मान हलवत आणि पुढच्या ओट्यावर जाऊन आरतीचीच गोष्ट सांगत.

"का गा भोजराज, प्रसाद नाई वाटत?" शेजारचा सुखराम विचारायचा.

"टीव्ही दिसून राहिला ना तुले? थोच प्रसाद. घेऊन जा."

नवे टीव्ही स्वस्त झाले तशी घरगुती दुरुस्ती आटत गेली. त्यानंतर भोजराजभाऊंचे बारमाही म्हणता येईल असे काम एकच उरले. गोरेगावला बाजाराच्या रस्त्यावर चुन्नीलाल बिसेन यांचे व्हिडिओ गेमचे दुकान होते. कपाटाएवढी मशीन तिथे भिंतीला लागून उभी असत. त्यांतल्या एका मशीनला दोन प्लास्टिकच्या बंदुका होत्या आणि दुकान ओळखले जाई ते तिच्यामुळेच. या बंदुकीतून काही सुटत नाही. ती फक्त पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर पांढरा होतो, नळीतले भिंग तो उजेड टिपते आणि समोरचा शत्रू मरतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरू लागली की चुन्नीलाल हे मशीन टेम्पोत चढवून सौंदडपर्यंत फिरवत. मंडईला आलेले जावई सासुरवाडीसमोर नेमबाजी दाखवत. दुकानाचे वर्ष त्या हंगामावर निघे आणि दुकानाबरोबर भोजराजभाऊंचेही.

सन दोन हजार तीनच्या दसऱ्याआधी या मशीनच्या पडद्यावर एका कोपऱ्यात जांभळा डाग पडला. दुर्गा मंडळाने आपला मोठा स्पीकर मशीनला टेकवून ठेवला होता. भोजराजभाऊंनी स्पीकर हलवायला लावला, कडी फिरवली, डाग घालवला, दोन्ही बंदुका चालवून पाहिल्या आणि दसऱ्याला दरवर्षीप्रमाणे घरच्यांसह नागपूरला दीक्षाभूमीवर गेले.

परतले तेव्हा चुन्नीलालांचा निरोप येऊन पडला होता. दोन्ही बंदुका आंधळ्या झाल्या होत्या.

"तुझा हात लागायच्या आधी डाग होता, पर बंदूक चलत होती," चुन्नीलाल म्हणाले. "आता डाग गेला अन् बंदूकबी गेली. मैं क्या समझूँ? मंडई तोंडावर आली. नाही जमत त सांग, गोंदियाचा मिस्त्री बुलावतो. मग सालभराचं कामही त्यालेच."

भोजराजभाऊंनी दोन्ही बंदुका पिशवीत घालून घरी आणल्या आणि ओसरीवर खोलल्या. नळीच्या आत, थेट भिंगावर, ओल्या कुंकवाचा जाड थर वाळून बसला होता. त्यात तांदळाचे दाणे चिकटले होते. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली होती आणि दुकानात शस्त्र म्हणता येईल असे दुसरे काही नव्हते.

त्यांची पत्नी भागीरथा शेजारी बसून हे पाहत होती.

"पुसा अन् देऊन टाका," ती म्हणाली. "पार्ट गेला होता मना. आपण मनलं का पूजेनं बिघडलं, त लोक काय समजतील? आपण मनल्यावर?"

भोजराजभाऊंनी स्पिरिटच्या बोळ्याने एक बंदूक स्वच्छ केली. दुसरी तशीच ठेवली.

दुकानात चुन्नीलालांच्या आई सुशिलाबाई गल्ल्याशी बसल्या होत्या. भोजराजभाऊंनी दोन्ही बंदुका मशीनला जोडल्या. पुसलेलीने शत्रू मेले. दुसरीने कोणालाही काही झाले नाही.

"आजी, या नळीत कुंकू आहे."

"असनच. मीच लावला. शस्त्र होय ना थे?"

"दस्त्याले लावा, मुठीवर. नळीत नका लावू."

"मांगच्या साली दस्त्यालेच लावला होता. धंदा झाला का? शस्त्राले तोंडाशीच लावा लागते. तुमच्यात पूजा नाई, तुले कायले माहीत राहीन?"

"पूजा नाही माहीत. भिंग माहीत आहे. त्याले कुंकवातून दिसत नाही."

सुशिलाबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे माह्या पूजेनं मशीन बिघडली मनतोस?"

चुन्नीलाल छताच्या पंख्याकडे पाहू लागले. खेळायला आलेल्यांनी खेळणे थांबवले. पार्ट गेला होता, हे वाक्य अजूनही बोलता येण्यासारखे होते.

"हो," भोजराजभाऊ म्हणाले.

सुशिलाबाईंनी आंधळी बंदूक मागून घेतली. एक डोळा मिटून त्यांनी नळीत पाहिले, मग दुसरा डोळा मिटून पाहिले. बंदूक परत देताना त्यांनी निर्णय सांगितला.

"पूजा तोंडालेच होईन. थे काही बदलाची नाई. मिस्त्री तू हायस ना? मंग तू पाह्य काय करतोस त."

त्यांच्या बोलण्यात गोंदियाच्या मिस्त्रीचा उल्लेख नव्हता. चुन्नीलालांनी तो आपल्याकडून केला नाही. मशीन वेळेवर मंडईला गेले आणि जावयांची अब्रू राहिली.

पुढच्या दसऱ्यापासून भोजराजभाऊ नागपूरची गाडी पकडण्याआधी गोरेगावला जात आणि दोन्ही नळ्यांवर औषधाच्या बाटलीची झाकणे घट्ट बसवून येत. सुशिलाबाई झाकणांना कुंकू लावत. परत आल्यावर भोजराजभाऊ झाकणे काढत. या व्यवस्थेबद्दल दोघे एकमेकांशी कधी बोलले नाहीत, आणि सुशिलाबाई होत्या तोवर ती चालली.

पुढे खेळ मोबाइलवर आले. मशीन भंगारात गेले आणि त्या दुकानात चुन्नीलाल मोबाइलची कव्हरे विकू लागले. मध्यंतरी गावी गेलो असता मी भोजराजभाऊंना विचारले की, वर्षाचे काम हातचे जाण्याची वेळ आली होती, भागीरथाबाईंनी सांगितलेले वाक्य तयार होते, मग ते म्हणून का टाकले नाही? ते एका सपाट टीव्हीची मागची बाजू उघडून दिव्यांची पट्टी तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पार्ट गेला मनलो असतो, त दर दसऱ्याले मना लागलं असतं. एवढं खोटं याद ठेवाले मले फुरसत नाई."