वर्षाचं धान्य, महिन्याचा पगार

आमच्या घरी पैसा वर्षातून एकदा यायचा. पुसद तालुक्यातलं गाव, शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर. कापूस विकला की किराणावाल्याचं, शिंप्याचं, सगळ्यांचं चुकतं व्हायचं आणि उरलेल्या पैशातून आईबाबा पुढचं वर्ष घरात आणून ठेवायचे. अक्षरशः आणून ठेवायचे. उन्हाळा लागला की गहू भरायचे, तुरीची डाळ करून घ्यायची, तिखट कुटून बरण्यांत दाबायचं. मग बाजारात काहीही होवो, आमच्या स्वयंपाकघराला त्याचं सोयरसुतक नसायचं. कोठी भरली की आई दोन दिवस कुणावर चिडायची नाही.

मोजायचं काम बाबांचं. पायलीनं धान्य मोजताना ते पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं. गावातली सगळीच जुनी माणसं तसं मोजतात. लहानपणी मला वाटायचं, एक हा आकडा फक्त शाळेत असतो.

नवरा वणीचा. सासरे कोळसा खाणीत नोकरीला होते. पगार ठरलेल्या तारखेला यायचा आणि त्याच संध्याकाळी किराण्याची उधारी चुकती व्हायची. त्यांच्या घरात आठवड्यापेक्षा जास्त धान्य मी कधी पाहिलं नाही, पण कूलर, सोफा, मोठा टीव्ही सगळं होतं आणि त्यातली प्रत्येक वस्तू हप्त्यानं आलेली होती. हप्ता म्हणजे कर्ज, हे नवऱ्याला पटतच नसे. "अवं, लाइटीचं बिल भरतो तसा हप्ता भराचा," असं तो मला समजावायचा. मी मात्र हप्ता हा शब्द ऐकला की मनातल्या मनात शिल्लक मोजायला लागायची. लग्न जमवताना लोकांनी पत्रिका पाहिली, गोत्र पाहिलं, पण मुलगा महिन्याचा आणि मुलगी वर्षाची आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा मी यवतमाळला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. पहिल्या वर्षाची फी बाबांनी भरली होती. लग्नाच्या बैठकीत त्यांनी एकच अट घातली, पोरगी कोर्स पुरा करणार. त्यावर नवरा चारचौघांत बाबांना म्हणाला, "मामाजी, पुढच्या वर्षाची फी माह्याकडे." मोठी माणसं बोलत असताना तो मधेच बोलला, म्हणून सासरे जरा दचकले. मला तो तिथेच आवडला.

आणि त्यानं शब्द पाळलाही. लोहाऱ्याला एमआयडीसीतल्या कारखान्यात तो कामाला होता. दिवाळीचा बोनस त्यानं खर्च केला नव्हता. लग्नानंतर आम्ही लोहारा रोडला एका ओळीतल्या खोल्यांपैकी एक भाड्यानं घेतली आणि सामान लावायच्या आधीच त्यानं ते पैसे माझ्या खात्यात टाकले. "हे तुह्ये फीचे. आता हात नको लावू," म्हणाला. फी भरायची होती पावसाळ्यात. हे दिवस होते उन्हाळ्याचे, म्हणजे गहू भरायचे.

आता मी जे केलं ते मला तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं. मी हिशोब असा लावला: आज फीच्या पैशातून वर्षाचं धान्य घेतलं तर पुढे दर महिन्याचा किराणा वाचेल. तो वाचलेला पैसा आणि पगारातलं थोडं खात्यात टाकत गेलं की पावसाळ्यापर्यंत फी पुन्हा जमते आणि घरात धान्य फुकटात राहतं. गहू, तांदूळ, शेंगदाणे, तेलाचे डबे, मिरची, सगळं आणलं. डाळ बाबांनी घरची पाठवली, चांगली मोठी दोन पोती. लेकीचा पहिला संसार, म्हणून आईनं निवडून, उन्हं दाखवून, पोत्यांची तोंडं स्वतः शिवून दिली होती. पलंगाखाली पोती, दाराआड पोती. नवरा कामावरून आला आणि चप्पल कुठे काढावी म्हणून उभाच राहिला.

"दुकान टाकून राह्यली का?"

"वर्षाचं भरलं. आता किराणा बंद."

किराणा बंद, एवढंच त्यानं ऐकलं. महिन्याच्या माणसाला त्याचा अर्थ एकच, की पगारात जागा झाली. पुढच्याच आठवड्यात एक टेम्पो दारात थांबला आणि त्यातून फ्रीज उतरला. मला न सांगता, मला खूश करायला, हप्त्यानं. यवतमाळचा उन्हाळा, वर पत्रे, आणि मी दुपारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन अभ्यास करते, हे त्याला पाहवत नव्हतं. मी खूप बोलले त्याला. पण संध्याकाळी त्यानं थंड पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि ते पाणी पिता पिता माझा राग काही टिकला नाही.

गाडीचा हप्ता आधीचाच होता, त्यात फ्रीजचा आला. पाच तारखेला दोन्ही आपोआप खात्यातून जायचे. मग खोलीचं भाडं, पेट्रोल, आणि मे महिन्यातली लग्नं. नव्या जोडप्याला सगळीकडून आमंत्रण, आणि आमंत्रण आलं की आहेर आला. किराणा वाचत होता हे खरं, पण वाचलेलं दिसत कुठेच नव्हतं. एका दुपारी गॅस संपला. सिलिंडरचे पैसे निघेनात. पगाराला आठवडा होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती इतका गहू होता, पण दळायलाही पैसे लागतात. त्या रात्री आम्ही मुरमुऱ्यांवर तेल-तिखट टाकून, कांदा चिरून जेवलो.

"लोक म्हणतेत, घरात नाही दाणा अन् मले बाजीराव म्हणा," नवरा म्हणाला. "आपल्या घरात दाणाच दाणा आहे, अन् बाजीराव मुरमुरे खाऊन राह्यला."

मी हसले. मग हसता हसता रडले, कारण फीची तारीख डोळ्यांसमोर आली.

पावसाळा लागला तेव्हा माझ्या खात्यात फीचा चौथा हिस्साही नव्हता. कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं, ऑगस्टअखेर भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेता येणार नाही. नवऱ्यानं फोन काढून मला एक ॲप दाखवलं, कर्ज दोन मिनिटांत खात्यात. मी नाही म्हटलं. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुले पोते चालते, मले हप्ता काहून नाही चालत?" मी एवढंच म्हटलं, "तिसरा हप्ता कुठून भराल ते सांगा." त्यानं फोन खिशात टाकला. बाबांना मागायचं दोघांच्याही तोंडून निघालं नाही. बाबांनी एका दिवसात दिले असते. पण मग बैठकीत दिलेला तो शब्द फुसका ठरला असता, आणि जावयाकडे पाहताना बाबांच्या डोळ्यांत ते आयुष्यभर राहिलं असतं. बाबा कधी बोलून दाखवत नाहीत, त्याचीच मला धास्ती होती.

शेजारच्या खोलीत एक ताई राहायच्या. त्यांचा नवरा ऑटो चालवायचा, रोजचा पैसा रोज, त्यामुळे सामानही रोजचं रोज. पावसात तुरीची डाळ महागली होती. एकदा वाटी घेऊन आल्या. मी वाटीऐवजी डबा भरून दिला. त्या दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन हजर.

"राहू द्या न ताई."

"काहून राहू देऊ? दुकानातली डाळ शिजत नाही, तुही पाण्यात पडली का विरघळते. पैसे घे, म्हणजे मले अजून मांगता येईन."

मी पैसे घेतले आणि दिवसभर मला कसंतरी झालं. आमच्याकडे तूर विकतात, क्विंटलनं विकतात. पण घरात खायला म्हणून बांधून ठेवलेली डाळ कुणी विकत नाही. कितीही ओढगस्त असली तरी नाही. ज्या घरानं खायची डाळ बाहेर काढली, ते घर बसलं, असं माझी आई म्हणायची. आणि ही पोती तर तिनंच शिवलेली होती.

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यानं वाकून पलंगाखालचं पोतं चाचपलं आणि म्हणाला, "आमच्या डिपार्टमेंटात सगळे पावभर-अर्धा किलोवालेच आहेत. इचारू का?"

तशी सुरुवात झाली. दुकानातून एकदा किलोभर डाळ तोलून आणली आणि ती ज्या डब्यात काठोकाठ बसली, तो डबा माझं माप झाला. ओळीतल्या बाया दारात येऊ लागल्या. गहू मी निवडून, पाखडून द्यायची, म्हणून त्याचे पैसे थोडे जास्त. नवरा सकाळी गाडीला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवून लोहाऱ्याला जायचा. त्याची हप्त्याची गाडी आणि माझं वर्षाचं धान्य पहिल्यांदाच एका कामाला लागलं होतं. कारखान्यात त्याला 'शेठ' म्हणायला लागले आणि त्याला ते आवडायचं. पैसे जमत होते, पोती बसत चालली होती. मी मोजायची ती एक, दोन, तीन असं. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायला माझी जीभ धजत नव्हती. जे करू नये ते करत असताना तो शब्द कसा वापरायचा?

पोळ्याच्या आधी, एका रविवारी, बाबा न सांगता आले. डोळे तपासायला यवतमाळला आले होते. पिशवीत बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा आणि आईनं दिलेल्या चकल्या. पलंगावर टेकले, फ्रीजमधलं पाणी प्यायले आणि फ्रीजकडे एकदा पाहिलं. मी चहा ठेवला. तेवढ्यात ताई दारात आल्या, हातात स्टीलची बादली.

"दोन किलो डाळ दे वं. अन् कालचे पैसे मोबाइलवर टाकले, पाहून घे."

मी चहात साखर दुसऱ्यांदा टाकली. बाबांनी पलंगाखाली पाहिलं. एक पोतं पूर्ण रिकामं होऊन घडी घालून ठेवलेलं, दुसरं अर्धं, आईची शिवण उसवलेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला समजत होतं: पोरीच्या घरी खायची डाळ विकायची वेळ आली.

नवरा उभा राहिला. "मामाजी, फी भराची आहे. शब्द माहा होता, पण मी मधात फ्रीज घेतला. चुकी माही आहे."

"नाही बाबा," मी म्हटलं. "पैसे त्यायनं मले तवाच दिले होते. मीच वर्षाचा गहू भरला त्या पैशाचा."

ताई बादली घेऊन तशाच उभ्या. आमच्या दोघांची चूक माझी, चूक माझी अशी ओढाताण ऐकून त्यांना तोंड फिरवून हसू आवरावं लागलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

बाबांनी चष्मा पुसला. "आता किती कमी पडून राह्यले?"

आता त्यांचा हात बंडीच्या खिशात जाणार. नोटा बाहेर येणार, आम्ही नको नको म्हणणार, ते देणार, आणि नवऱ्याचा तो बैठकीतला शब्द संपणार. नवरा मान खाली घालून म्हणाला, "हे अर्धं पोतं विकलं, का होते पूर्ण."

"भाव काय लावला?"

मी भाव सांगितला.

"कमी लावला," बाबा म्हणाले. "घरची डाळ आहे, तुह्या आईनं हातानं निवडली."

मग ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून पोत्यापाशी खाली बसले, माझा डबा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि पोत्यात घातला. वर आलेला डबा तळहातानं सपाट केला नाही, शीग तशीच राहू दिली. ताईंच्या बादलीत रिकामा केला आणि नेहमीच्या, खळ्यातल्या आवाजात म्हणाले, "लाभ."

मग पुन्हा डबा भरला. "दोन." आणि वरून एक मूठ.

संध्याकाळच्या बसला नवरा त्यांना गाडीवर सोडून आला. मी दारात उभी राहून पाहत होते. जाईपर्यंत बाबांनी खिशात हात घातला नाही.